दुसऱ्या गिअरचा आवाज

बॉनेट उघडून मला शोधू नका, मी तिथं नसतो. ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी काळ्या मुठीचा एक दांडा दिसतो ना, त्याच्या खाली, पत्र्याच्या आड, तेलात बुडून मी बसलेला असतो. इंजिनाला सगळे ओळखतात. त्याला पाणी पाजतात, त्याच्या ताकदीच्या गप्पा मारतात. माझी आठवण होते ती मी आवाज केला तरच. मी एका वडाप जीपचा गिअरबॉक्स बोलतोय, आणि बोलायचं आहे तेही त्या आवाजाबद्दलच. माझ्या आवाजाची मला आजवर फार लाज वाटत आली.

वडाप म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांना सांगतो. एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं ज्या जीपमध्ये शिरतात आणि 'सरका की पावणं, अजून दोघं बसत्यात' असं ऐकत, एकमेकांच्या मांडीवर अर्धीमुर्धी बसून गावाला पोचतात, त्या गाडीला वडाप म्हणतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडाची एक पेटी, आत दातांची चाकं, ती एकमेकांत गुंतवणारे काटे, आणि गुंतण्याआधी त्यांचा वेग जुळवून देणाऱ्या पितळी कड्या. एवढाच माझा संसार. इंजिन फिरतं आपल्या मस्तीत, रस्त्यावरची चाकं फिरतात आपल्या चालीनं, आणि दोघांचं पटवून द्यायचं काम माझं. माझ्या पुढ्यात क्लच असतो. ड्रायव्हरनं डाव्या पायानं दाबला की तो इंजिनाची आणि माझी फारकत करतो, पाय उचलला की पुन्हा लग्न लावतो. हे दिवसातून इतक्या वेळा होतं की आम्हाला त्याचं सोयरसुतक राहिलेलं नाही.

पहिला मालक आजऱ्याकडचा काजूचा व्यापारी. तो मागं बसायचा आणि गाडी पगारी ड्रायव्हर चालवायचा, त्यामुळे आमची ओळख अशी झालीच नाही. त्याच्याकडून मला हंबीररावांनी घेतलं. तेव्हापासून मी हुपरी-कोल्हापूर रस्त्यावर आहे. हंबीररावांचं गाव हुपरीच्या अलीकडचं. माणूस आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा, आणि मनानं मात्र हळवा. गाडी घेतली त्या दिवशी त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि त्याचा पहिला तुकडा दांड्याच्या मुठीपाशी ठेवला. इंजिनाला नाही, मला. मी त्या दिवशीच त्यांचा झालो.

आमच्या गाडीत हुपरीचे चांदीचे कारागीर खूप असायचे. मांडीवर पिशवी, पिशवीत पैंजणं. आत काय आहे हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पण मी जरा झटका दिला की पिशवीतून 'छुम' असा आवाज यायचा आणि कारागीर दचकून ती पोटाशी धरायचा. सगळी गाडी हसायची. त्या हसण्यात हंबीररावांचं हसणं सगळ्यांत मोठं असायचं.

आता त्यांच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. पहिली म्हणजे गिअर टाकून झाला तरी त्यांचा डावा हात माझ्या मुठीवरून उठायचा नाही. त्यांच्या वडिलांकडं बैलजोडी होती. गाडीत बसलं की पुढं वाकून बैलाच्या वशिंडावर हात ठेवायचा, ही त्यांची लहानपणची खोड. बैल गेले, जीप आली, हात तसाच राहिला. दुसरी सवय डाव्या पायाची. काम नसलं तरी तो क्लचवर टेकलेला. उंबऱ्यावर पाय ठेवून गप्पा मारत उभं राहावं तसा.

बैलाला मालकाचा हात बरा वाटत असेल. मला काय होतं ते सांगतो. वरून हाताचा भार पडला की आतला काटा फिरत्या चाकाला एका अंगानं घासत राहतो. दिवसभर, वर्षानुवर्षं. आणि पायाच्या भारानं क्लच पुरता घट्ट धरत नाही, मनात किंतु ठेवून धरतो. मी झिजत होतो. पण हात मायेचा होता, म्हणून तक्रार करावीशी वाटली नाही. शिवाय तक्रार करायची ती आवाजानंच, आणि चारचौघांत मालकाची मान खाली जावी असं मला कधी वाटलं नाही. शेवटी मान खाली गेलीच, पण ती भलत्याच माणसाची गेली.

हंबीररावांना एकच लेक, संयोगिता. बारीक अंगाची, कमी बोलणारी. आमच्याकडच्या पोरी 'मी येते, जाते' म्हणत नाहीत, 'येतो, जातो' म्हणतात. तशी ती एक दिवस बापाला म्हणाली, "आबा, पोलिसात चालकांची भरती निघाल्या. मी फॉर्म भरतो."

"ड्रायव्हर? तू?"

"तुमीबी ड्रायव्हरच की."

मनातून हंबीरराव खूश झाले होते, हे मुठीवरच्या त्यांच्या हातावरून मला कळलं. संयोगितानं लायसन काढलं होतं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या बारक्या गाडीवर. भरतीच्या परीक्षेत मोठी गाडी चालवायची, मागं घ्यायची, चढावर थांबवून मागं न घसरता पुन्हा उचलायची. त्यासाठी जीपचा सराव पाहिजे होता. मग आठवडाभर सकाळी पॅसेंजर लागायच्या आधी ती माझ्यावर शिकू लागली. हंबीरराव शेजारी बसून ओरडायचे, पण मजेत.

तिचा हात मला पहिल्याच दिवशी आवडला. तव्यावरची भाकरी उलटावी तसा हात होता तो. लावला, काम झालं, उचलला. उगाच रेंगाळणं नाही. पण तोवर मी आतून पार गेलो होतो. दुसऱ्या गिअरचा काटा कागदासारखा झालेला, पितळी कडीचे कंगोरे संपलेले. आज मोडतोय की उद्या, एवढंच राहिलं होतं.

मोडलो तो नेमका गावच्या वडाप थांब्यावर. हायस्कूलसमोर थोडा चढ आहे. सगळे ड्रायव्हर चहा पीत उभे. संयोगितानं गाडी उचलली, पहिल्यातून दुसरा टाकला आणि मी ओरडलो. कर्रर्र! असा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. दुसरा गिअर सुटला, गाडी गचका खाऊन बंद पडली. गाडीत गिअर वाजला की लोक गाडीकडं बघत नाहीत, स्टिअरिंगवरच्या माणसाकडं बघतात. सगळे तिच्याकडं बघत होते.

सयाजी म्हणून एक वडापवाला आहे, दोन जीपांचा मालक, जिभेला हाड नसलेला. तो ग्लास हातात घेऊन म्हणाला, "हंबीर, पोरीनं गिअरबॉक्स खाल्ला की रं!"

सगळे हसले. हंबीरराव खाली उतरले, गाडीखाली वाकून बघितलं, आणि उठताना म्हणाले, "व्हय. शिकाऊ हात. सांगून सांगून दमलो."

संयोगितानं किल्ली काढली, बापाच्या हातात दिली आणि चालत घरी गेली. वर्षानुवर्षांचा माझा रोग, आणि तो तिच्या हातात फुटला. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी खरं सांगितलं असतं. मला आवाज आहे, तोंड नाही. आणि आवाजानं तर खोटी साक्ष दिली होती.

मला कोल्हापूरला उद्यमनगरात प्रभुलिंग मिस्त्रींकडं नेलं. हे निपाणीकडचे. नट आवळताना कानडीत मोजतात, ग्राहकाशी मराठीत बोलतात. त्यांनी मला गाडीखालून उतरवलं, फळीवर ठेवलं आणि उघडलं. सगळं अंतरंग रॉकेलच्या परातीत. येणारेजाणारे डोकावून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा उजेड बघितला आणि तो असा.

मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरचा काटा उचलून हंबीररावांच्या हातात ठेवला. एक बाजू धड, दुसरी झिजून चमकत होती. मग क्लचमागचं बेअरिंग फिरवून दाखवलं. ते वाळलेल्या शेंगेसारखं खुळखुळलं.

"हंबीरराव, गाडी चालवताना डावा हात कुठं ठेवतासा?" मिस्त्रींनी विचारलं.

हंबीररावांनी तो हात पाठीमागं नेला.

"आन् डावा पाय?"

"पोरगी शिकत हुती," हंबीरराव म्हणाले.

"शिकू दे की. आठ दिवसात काटा असा झिजत न्हाई हो. ह्ये तुमचं जुनं दुखणं हाय."

हंबीररावांनी काटा परत परातीत टाकला. इकडंतिकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ह्ये तुमच्या-माझ्यात ठेवा. थांब्यावर बोलून बसलोय."

"मी कशाला सांगायला जातोय?" मिस्त्री म्हणाले. "सांगायचं तर तुमीच सांगायचं."

नवे काटे आले, दुसऱ्या गिअरची नवी चाकं आली, नव्या कड्या आल्या. नवा क्लच बसला. मला पुन्हा गाडीखाली चढवलं आणि नवं तेल पाजलं. मग मिस्त्रींनी हंबीररावांना जवळ बोलावून नियम सांगितले. पहिले हजार किलोमीटर गाडीवर ओझं नाही. मोठा चढ नाही. पळवायची नाही, पण एकाच वेगानंही रेटायची नाही, सगळे गिअर फिरते ठेवायचे. अर्धा क्लच दाबून गाडी रांगवायची तर अजिबात नाही, नवी प्लेट जळते. हजार झाले की गाडी घेऊन यायची, तेल बदलायचं, कारण नवी चाकं एकमेकांना घासून जो कीस पडतो तो त्यात उतरतो.

"खोंड जुपल्यासारखं म्हणा की," हंबीरराव म्हणाले.

"तसंच. आधी रिकामी गाडी, मग ओझं. आन् एक सांगू? पोरीलाच चालवू दे. हजार किलोमीटर रिकामी फिरवायचीच हाय. गाडी बी बसंल, तिचा सराव बी हुईल. परीक्षा कधी हाय तिची?"

"म्हैन्यावर."

"मग काय तर!"

हंबीरराव मान हलवत राहिले. हो नाही की नाही नाही. घरी आल्यावर संयोगिता जीपपाशी आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. बाप म्हणाला, "आता ह्याला हात लावायचा न्हाय. नवा क्लच हाय. परत मोडलास तर कुठं जायचं?"

त्यांनाही माहीत होतं की हे खोटं आहे. पण थांब्यावर एकदा 'पोरीनं खाल्ला' म्हणून झालं होतं. आता तिच्या हातात गाडी दिली तर सयाजी विचारणार, एकदा खाल्ला तरी परत कसा दिलास? मग काटा कसा झिजला ते सांगावं लागणार. एक खोटं झाकायला माणूस दुसरं खोटं पांघरतो आणि मग उकडतं म्हणून घरच्यांवर चिडतो. मला त्यांची लाज वाटली. माझीही वाटली, कारण मी अंगभर नवा होऊन बसलो होतो आणि तिची परीक्षा जवळ येत होती.

ओझं घालायचं नाही म्हणून माझं वडाप बंद होतं. हंबीरराव रोज सयाजीच्या दुसऱ्या जीपवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचे. संध्याकाळी येऊन मला एक रिकामी चक्कर मारून आणायचे. दुपारी घर सामसूम झालं की संयोगिता बंद जीपमध्ये येऊन बसायची. इंजिन चालू नाही. नुसता क्लच दाबायची आणि गिअर टाकायची. पहिला, दुसरा, तिसरा. दुसऱ्याला आली की तिचा हात थोडा थांबायचा. दुखऱ्या जागेला हात लावताना थांबतो तसा. तो का थांबतो हे मला तेव्हा कळलं नाही.

एक दिवस तिच्या आईनं तिला तसं बसलेलं बघितलं. घरात गेली, मसाल्याच्या डब्यामागून दुसरी किल्ली काढून आणली आणि डाव्या बाजूनं चढून बसली.

"चल. मी बसतो शेजारी."

"आबा?"

"आबा हुपरीला गेल्यात. चल म्हणतो न्हवं!"

तेव्हापासून रोज दुपारी मायलेकी मला घेऊन निघू लागल्या. कधी कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन परत, कधी उसाच्या रानांतून. आईनं पुढची दांडी दोन्ही हातांनी धरलेली आणि तोंडानं एकसारखं 'हळू गं, हळू गं'. त्याहून हळू गेलो असतो तर थांबलोच असतो. पण मला तेच हवं होतं. रिकामी गाडी, हलका हात, पाय कामापुरता. नवी चाकं आधी कुरकुरली, मग हळूहळू एकमेकांच्या चालीला लागली. नवा क्लच घट्ट धरायला शिकला. तळ्याच्या बांधाजवळ एक चढ आहे, तिथं ती थांबायची, उचलायची, पुन्हा थांबायची. आई डोळे मिटून घ्यायची. आयुष्यातले माझे सगळ्यांत चांगले दिवस ते. चोरीचे होते, एवढंच वाईट वाटायचं.

घरी परतलं की आई चाकांवरची धूळ पुसायची, आत झाडू मारायची. बिचारीला वाटायचं पुरावा गेला. पण मीटर पुसून मागं जात नाही. मीटरची तार माझ्यातूनच निघते, किती फिरलो हे आधी मला कळतं आणि मग काचेआडच्या आकड्यांना.

हंबीररावांना ते कळलंच. एका संध्याकाळी ते येऊन बसले, किल्ली फिरवली आणि इंजिन चालू न करता तसेच राहिले. मुठीवरचा हात उचलला गेला. मीटरच्या काचेवर बोट घासल्याचं मला जाणवलं. मला वाटलं, आता घरात जाऊन आरडाओरडा करतील. ते शांतपणे चक्कर मारायला निघाले. दुसऱ्या दिवशी सयाजीच्या गाडीवर जाण्याआधी त्यांनी गाडीच्या टाकीत डिझेल भरून ठेवलं. आणि रोज भरत राहिले.

संध्याकाळच्या चक्करीत आम्ही थांब्यावर थांबायचो. सयाजी विचारायचा, "काय म्हणतोय नवा बॉक्स? पोरीला हात लावू देत न्हाईस न्हवं?"

"छ्या! देतोय व्हय!" हंबीरराव म्हणायचे. "माझ्याच हातानं बसाय लागलाय. लोण्यागत गिअर पडतोय बघ."

हे ऐकून मी त्यांचं काही वाईट करावं असं मनात यायचं. मग डिझेल आठवायचं आणि राग उतरायचा. माणसाला चांगलं वागता येतं, फक्त चारचौघांत कबूल करता येत नाही, हे त्या महिन्यात मी शिकलो.

परीक्षा झाली. चढावर गाडी तसूभर मागं गेली नाही, असं तिनं आईला माझ्या शेजारी उभं राहून सांगितलं. पुढं निवडीची यादी लागली आणि तिच्यात संयोगिताचं नाव होतं. गावातली पहिली पोलीस चालक पोरगी.

आता आमच्या भागातली रीत अशी की, कुणी फौजेतून निवृत्त होऊन आला, कुणी भरती झालं की त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची. फेटा, हार, गुलाल, हलगी. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत. गावानं ठरवलं, पोरगी ड्रायव्हर झाली, तर जीप तिच्या बापाचीच आणि चालवणार बापच. जीपवरचं टप काढलं, झेंडूच्या माळा लावल्या. माझे हजार किलोमीटर व्हायला थोडेच बाकी होते, तेल बदलायचं राहिलं होतं. मिस्त्रींचं बोलणं हंबीररावांच्या लक्षात होतं. निघताना ते मुठीवर थाप मारून मला म्हणाले, "आजच्या दिवस सांभाळून घे." लेकीच्या मिरवणुकीला नको म्हणायचं कसं? आणि मिरवणूक म्हणजे काय तर नवा क्लच जाळायची पद्धतशीर रीत. माणसाच्या चालीहून हळू जायचं. हलगीवाले थांबले की थांबायचं. मागं संयोगिता उभी, तिच्याभोवती पोरीबाळी, बॉनेटवर दोघं, पायरीवर चौघं लोंबकळलेले.

वेशीपासूनच पाय क्लचवर अर्धा दाबलेला. धड सोडलेला नाही, धड दाबलेला नाही. नवी प्लेट घासत होती, तापत होती. मी आतून ओरडत होतो पण हलगीपुढं माझं कोण ऐकणार? हंबीररावांचे डोळे भरून आलेले असावेत, कारण ते सारखे बाहीनं तोंड पुसत होते. डावा हात सवयीनं माझ्यावर.

देवळाजवळ चढ लागला आणि वास सुटला. जळक्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. पुढून आरती घेऊन आलेल्या बायकांनी नाकाला पदर लावला. इंजिन घुमत होतं पण क्लच धरेना. गाडी थांबली आणि मागं घसरायला लागली. हंबीररावांनी घाबरून दांडा ओढला, चुकून दुसऱ्यात. माझ्या नव्या पितळी कडीवर घाव बसला आणि मी भर मिरवणुकीत तोच जुना आवाज केला. कर्रर्र! हँडब्रेक ओढला गेला. हलगी थांबली.

आणि गर्दीतून सयाजीचा आवाज आला, "हंबीर, पोरीनं खाल्लेल्यातलाच ऱ्हायलेला काय रं ह्यो?"

मोठा हशा झाला. आणि ज्या दिवशी सगळ्यांनी संयोगिताकडं वर बघायचं, त्या दिवशी फेट्याखालची तिची मान खाली गेली. ती तशीच उभी राहिली, कसनुसं हसत. मला वाटलं, जमीन फाटावी आणि जीपसकट मला पोटात घ्यावं.

हंबीररावांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले नाहीत, सीटवर उभे राहिले. अंगभर गुलाल, घाम, आणि कधी नव्हे तो आवाज बारीक.

"पोरीनं न्हाय," ते म्हणाले.

"काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

मग त्यांनी आपला नेहमीचा आवाज काढला. "पोरीनं न्हाय खाल्लेला! मी खाल्ला! ह्यो बी आन् त्यो बी! ह्यो हात दांड्यावरनं उचलत न्हाय मी, आन् ह्यो पाय क्लचवरनं. मिस्त्रीनं काटा हातात देऊन दावलंतं मला. तिनं न्हाय मोडला. तिनं चालवून चालवून ह्यो नवा बसवलाता, त्यो बी आज मीच जाळला." ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात लांब धरून, जणू आता ते कशालाच लावायचे नाहीत.

संयोगिता मागून हळू म्हणाली, पण मी खालीच होतो, मला ऐकू आलं, "आबा, मला खरंच वाटत हुतं माझ्या हातनं मोडला. परीक्षेत बी दुसरा टाकताना हात थांबत हुता माझा."

बंद जीपमध्ये तिचा हात का थांबायचा ते तेव्हा मला कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की तिला ठाऊक असेल, ती बापासाठी सोसत असेल. ती सोसत नव्हती. तिनं विश्वास ठेवला होता, माझ्या आवाजावर आणि बापाच्या शब्दावर. मला एवढी लाज कधीच वाटली नव्हती. हंबीररावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हा पेच सोडवला तिच्या आईनं. ती आरतीचं तबक घेऊन पुढं उभी होती. म्हणाली, "सांगून झालं न्हवं? मग उतरा आन् ढकला आता. आरती विझाय लागल्या."

गाव पुन्हा हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. संयोगिता हार सांभाळत पुढं आली आणि स्टिअरिंगवर बसली. दांडा मध्ये आणला. मी मोकळा, कुठलंच चाक कुठल्याच चाकात नाही. हलगी सुरू झाली. मागून गाव ढकलत होतं, आणि सगळ्यांच्या मध्ये, मागच्या फळीला खांदा लावून हंबीरराव. त्यांच्या शेजारी सयाजीही होता असं नंतर बोलण्यातून कळलं. देवळापर्यंत मी काहीही केलं नाही, नुसता गेलो.

मला पुन्हा प्रभुलिंग मिस्त्रींच्या फळीवर जावं लागलं. नवीन प्लेट बसली, तेल बदललं. पितळी कडीवरचा घाव मिस्त्रींनी हंबीररावांना दाखवला. "बदलू या? काम करंल तशी, पण दुसरा टाकताना जरा आवाज करंल."

हंबीररावांनी त्या घावावरून बोट फिरवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. करू दे आवाज."

यावेळचे हजार किलोमीटर संयोगितानंच पूर्ण केले, ट्रेनिंगला जाण्याआधी, भर दिवसा, थांब्यासमोरून. आता मी पुन्हा वडापला आहे. हंबीररावांचा हात सवयीनं माझ्याकडं येतो, मध्येच काहीतरी आठवतं आणि स्वतःच्या गुडघ्यावर जाऊन बसतो. पायाचं अजून जमलेलं नाही, पण प्रयत्न चालू आहे. पैंजणांची पिशवी मांडीवर घेतलेला एखादा नवा कारागीर विचारतो, 'पावणं, हात दुखतोय काय?' ते म्हणतात, 'दुखतोय की.'

तुम्ही गाडी चालवत असाल तर माझं एवढं ऐका. गिअर टाकून झाला की हात उचला, क्लच सोडला की पाय बाजूला ठेवा. आणि तुमच्या घरात कुणाच्या हातात काही मोडलं, तर ओरडण्याआधी त्यावर आधी कुणाचा हात होता ते आठवून बघा. आम्ही मोडतो एका क्षणात, झिजतो मात्र फार आधीपासून.

परवा संयोगिता सुट्टीवर आली. तिनं गाडी बाहेर काढली, हंबीरराव डावीकडं बसले. थांब्यासमोर चढावर तिनं पहिल्यातून दुसरा टाकला आणि मी, नको नको म्हणताना, थोडा वाजलोच. चहा पिणाऱ्या सगळ्यांनी वळून स्टिअरिंगकडं बघितलं. नव्या ड्रायव्हरांना जुनी गोष्ट माहीत नव्हती. मी तेलात अंग चोरून घेतलं.

तेवढ्यात हंबीररावांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडले, "तिच्याकडं काय बघतासा? त्यो आवाज माझा हाय!"

संयोगिता हसली आणि तिसरा टाकला.